सोसायटीचं इंटरनेट: ज्याने त्याने आपापलं घ्यावं, की फायबर सोसायटीनेच टाकावी?

वाकड असो, हडपसर असो की सिंहगड रोड, दीड-दोनशे फ्लॅटच्या कुठल्याही सोसायटीत लिफ्टशेजारच्या डक्टचं दार उघडून बघा. पाच-सहा कंपन्यांच्या वायरी एकमेकींत गुंतलेल्या असतात. जुन्या केबलवाल्याचा ॲम्प्लिफायर गंजून लटकत असतो. कोणाचा ते कोणालाच माहीत नसलेला एखादा स्विच कॉमन मीटरच्या विजेवर अजून लुकलुकत असतो. कुठली वायर कुठल्या फ्लॅटची हे फक्त ती ओढणाऱ्या वायरमनला ठाऊक, आणि तो आता दुसऱ्या कंपनीत गेलेला. डक्ट आपला, वीज आपली, भिंतीला पाडलेली भोकंही आपली. वायर मात्र एकही आपली नाही.

या एका गोष्टीमुळे दोनशे घरं एका कंपाउंडात राहूनही इंटरनेटच्या बाबतीत एकेकटी पडतात. कंपनी बदलायची तर नवी वायर, नवं भोक, नवं डिपॉझिट. म्हणून बहुतेक जण चिडतात आणि आहे तेच पुढे चालू ठेवतात. पाणी, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा), जनरेटर, गच्चीवरचं सोलर ही सगळी झंझट पुण्यातल्या सोसायट्या वर्षानुवर्षं स्वतः सांभाळत आल्या आहेत. इंटरनेटचं जाळंही आपलंच असावं हा विचार त्यामुळे आता बऱ्याच कमिट्यांमध्ये निघतो. मी नेटवर्किंगच्या कामात आहे आणि कमिटीवरही बसलो आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी हा प्रश्न माझ्यापुढे येत असतो. ज्यांना येत्या जनरल बॉडीत यावर ठराव आणायचा आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. इमारतीतली काच, म्हणजे फायबरचा धागा, सोसायटीच्या मालकीचा असावा. त्यातून इंटरनेट पुरवण्याचा धंदा सोसायटीने करू नये, तो परवानाधारकांना करू द्यावा. या दोन गोष्टी वेगळ्या केल्या की निम्मा गोंधळ मिटतो. पण बाकीचे रस्ते का नकोत, आणि कोणाला ते चालतील, हेही नीट पाहायला हवं.

जसं चाललंय तसं: घरोघरी कंपनीचं कनेक्शन

या व्यवस्थेला नावं ठेवणं सोपं आहे, पण तिचा मोठा गुण आधी मान्य करू. ती स्वस्त आहे. सप्टेंबर २०२० मध्ये जिओने ३९९ रुपयांत ३० एमबीपीएस आणि ६९९ रुपयांत १०० एमबीपीएस असे प्लॅन आणले, त्याच सुमारास बीएसएनएलने ४४९ चा प्लॅन काढला, एअरटेल ४९९ वर आलं. अशा प्लॅनवरची महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा बहुतेक घरांना आयुष्यात लागत नाही. युरोप-अमेरिकेत लोकांनी स्वतःची नेटवर्क उभारली तेव्हा कंपन्या एक तर तिथे येतच नव्हत्या किंवा आल्या तर अव्वाच्या सव्वा पैसे मागत होत्या. पुण्याच्या मध्यवस्तीत ही अडचण नाही. त्यामुळे ‘आपण स्वतः केलं की नेट स्वस्त होईल’ एवढ्याच आशेवर कोणी निघाला असेल तर त्याची निराशा होईल.

सोसायटीला यात काहीच करावं लागत नाही हा दुसरा गुण. नेट गेलं तर ज्याचं त्याने कस्टमर केअरला फोन लावावा. कमिटीच्या सेक्रेटरीचा फोन रात्री अकराला वाजत नाही. कमिटीवर काम केलेल्या माणसाला या सुखाची किंमत बरोबर कळते.

दुखणं दुरुस्तीचं आणि हतबलतेचं आहे. एका कंपनीचा माणूस वायर ओढताना दुसऱ्याची तोडतो. तक्रार गेली की ॲपवर ‘सोडवली’ असा मेसेज येतो आणि राउटरवरचा लाल दिवा तसाच असतो. आमच्याकडे एका मोठ्या कंपनीची गेटबाहेरची केबल रस्त्याच्या कामात तुटली. तिचे सगळे ग्राहक एकदमच बंद पडले, पण तक्रारी नोंदल्या गेल्या घरागणिक सुट्या सुट्या. ही एकच बिघाडाची जागा आहे हे कंपनीला पटवून द्यायलाच अख्खा दिवस गेला. सोसायटी म्हणून बोलायला कोणी नव्हतं, कारण सोसायटीचा आणि कंपनीचा करारच नव्हता.

आणि पैसे दिसतात तेवढे थोडे नसतात. समजा २४० फ्लॅट आहेत, २०० घरांत कनेक्शन आहे आणि सरासरी प्लॅन ७०० रुपयांचा आहे. १८ टक्के जीएसटी धरून महिन्याला १,६५,२०० रुपये, वर्षाला जवळजवळ वीस लाख झाले. लिफ्टच्या एएमसीसाठी, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारासाठी, याच्या कितीतरी कमी रकमेवर आपण तीन कोटेशन मागवतो आणि घासाघीस करतो. इथे वीस लाखांचा ग्राहक एक शब्द बोलत नाही, कारण तो दोनशे तुकड्यांत वाटला गेला आहे.

एक मोठी लाइन घ्या आणि सोसायटीने घरोघरी वाटा

कमिटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यात आधी सुचते ती हीच कल्पना. एक जीबीपीएसची लीज्ड लाइन, म्हणजे हमीच्या स्पीडची स्वतंत्र लाइन, घ्यायची, मेंटेनन्समध्ये घरटी ठरावीक रक्कम लावायची, झालं.

तांत्रिकदृष्ट्या हे जमतं. रात्री नऊचा हिशेब करून बघा. एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस पुरतात, फोर-केला १५. दोनशेपैकी शंभर घरांत एचडी चालू असेल तर ५००, वीस घरांत फोर-के असेल तर ३००. उरलेल्या दोनशेत व्हिडिओ कॉल, अभ्यास, व्हॉट्सॲप भागतं. सगळ्यांनी एकाच क्षणी पूर्ण स्पीड वापरला तर काय, ही भीती खरी ठरत नाही. कंपन्यांचा सगळा धंदा याच अंदाजावर उभा आहे. ज्या जीपॉन तंत्राने आज घरोघरी फायबर येते त्यात २.५ जीबीपीएसचा एक प्रवाह बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटलेलाच असतो.

पण मी हा रस्ता सुचवणार नाही. पहिलं कारण कायद्याचं. इंटरनेट विकायला परवाना लागतो. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात विनापरवाना सेवेसाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. परवानाधारकाला प्रत्येक ग्राहकाची केवायसी करावी लागते, कोणी कधी कुठला आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) वापरला याच्या नोंदी ठेवाव्या लागतात. उद्या एखाद्या फ्लॅटमधून आर्थिक फसवणूक झाली आणि सायबर पोलिसांनी आयपी शोधत शोधत सोसायटीचं ऑफिस गाठलं, तर चेअरमन त्यांना काय दाखवणार? मानद पदावरच्या माणसाच्या गळ्यात ही जबाबदारी अडकवणं अन्यायाचं आहे.

दुसरं कारण हिशेबाचं. मेंटेनन्सवर जीएसटीची जी ७,५०० रुपये महिन्याची सूट-मर्यादा आहे तिच्या आसपास तुमचा आकडा असेल, आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांवर असेल, तर इंटरनेटचे पाचशे रुपये जोडल्याने अख्खा मामला करात जाऊ शकतो. शिवाय ऑफिसकडून कनेक्शन मिळालेला, परदेशी असलेला, फ्लॅट बंद ठेवलेला, असे सगळे सभासद ‘आम्ही का भरू’ म्हणणार. त्यांचं म्हणणं रास्त आहे.

तिसरं कारण, आपण एका कंपनीच्या हातून सुटून एका लाइनच्या हातात जातो. लाइन गेली की दोनशे घरं अंधारात. दोन वेगळ्या मार्गांनी येणाऱ्या दोन लाइन घेतल्या तर सोय होते, पण मग खर्च दुप्पट. आणि लीज्ड लाइनचा एका एमबीपीएसचा दर घरगुती प्लॅनपेक्षा बराच चढा असतो, कारण तिथे स्पीडची हमी असते.

फायबर सोसायटीची, सेवा परवानाधारकाची

इथे थोडं रेंगाळतो, कारण खरी संधी इथे आहे.

कल्पना अशी. तळमजल्यावर किंवा पार्किंगमध्ये एक लहानशी कुलपाची खोली. प्रत्येक फ्लॅटमधून दोन फायबर थेट त्या खोलीपर्यंत येतात आणि पॅच पॅनेलवर, म्हणजे पोर्टच्या फळीवर, फ्लॅट नंबरच्या लेबलखाली थांबतात. वाटेत, डक्टमध्ये, कुठेही स्प्लिटर, म्हणजे एका धाग्यातला प्रकाश अनेक धाग्यांत वाटणारी डबी, बसवायचा नाही. कंपन्या आपापली केबल गेटपासून त्या खोलीपर्यंत आणतात आणि आपला स्प्लिटर तिथल्या रॅकमध्ये लावतात. बी-७०४ ला कंपनी बदलायची असेल तर खोलीत जाऊन हातभर लांबीची हिरव्या टोकाची पॅच कॉर्ड एका पोर्टमधून काढायची आणि दुसऱ्यात खोचायची. डक्ट उघडायचा नाही, ड्रिल नाही, नवी वायर नाही.

स्प्लिटर खोलीतच ठेवण्याचा आग्रह मी का धरतो ते सांगतो. कॉन्ट्रॅक्टर हमखास सुचवेल की प्रत्येक मजल्यावर एक छोटा स्प्लिटर बसवू, केबल कमी लागेल. केबल कमी लागते हे खरं. पण मग त्या मजल्यावरची सगळी घरं एकाच कंपनीच्या एका प्रवाहाला बांधली जातात, आणि निवड करण्याची सगळी मुभा संपते. थोडी जास्त केबल टाकून ती मुभा विकत घ्यावी. साठ फ्लॅटच्या विंगला दर फ्लॅट दोन धरून १२० धागे लागतात. १४४ धाग्यांची केबल घेतली तर चोवीस मोकळे राहतात. सीसीटीव्ही, गेटचा बूम बॅरियर, लिफ्टमधला फोन, टाकीच्या पाण्याची पातळी दाखवणारा सेन्सर ही कामं त्यांवर होतात. कॅमेऱ्यांचं चित्र सोसायटीच्या आतल्या आतच फिरतं, त्यासाठी बाहेरच्या इंटरनेटची गरजही पडत नाही.

तांब्याच्या नेटवर्क वायरीऐवजी फायबरच का? तांब्याच्या वायरीला शंभर मीटरची मर्यादा आहे, म्हणून मजल्यामजल्यावर विजेवर चालणारे स्विच लागतात. मे महिन्यात वळवाचा पाऊस कडाडला की हे स्विच जळतात. पुण्यात स्थानिक केबलवाल्यांच्या जुन्या जाळ्यांची दर वर्षी हीच रड असते. काचेतून विजेचा झटका येत नाही. स्प्लिटरला वीज लागतच नाही. त्यामुळे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेले तरी खालच्या खोलीत कंपनीचं यंत्र असलं तर त्याचा यूपीएस आणि घरातल्या राउटरचा छोटा बॅकअप एवढ्यावर नेट चालू राहतं.

काम कसं झालंय हे कमिटीलाही पारखता येतं. फायबरचा धागा १२५ मायक्रॉनचा, साधारण केसाएवढा. स्प्लायसिंग करणारा, म्हणजे धाग्यांचे जोड करणारा, पोरगा आधी वरचं रंगीत आवरण सोलतो, स्पिरिटने धागा पुसतो, क्लीव्हरवर ठेवून काटकोनात तोडतो आणि दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवतो. स्क्रीनवर ती टोकं मोठी करून दिसतात, ठिणगी पडते आणि दोन्ही एक होतात. खाली जोडात किती प्रकाश वाया गेला त्याचा आकडा येतो, ०.०१ किंवा ०.०२ डीबी. आमच्याकडे काम करणाऱ्याने एक जोड परत तोडला तेव्हा मी कारण विचारलं. तो म्हणाला, “काका, चालला असता, पण धुळीचा ठिपका दिसला. पावसाळ्यात इथंच तक्रार येणार.” असा माणूस मिळाला तर त्याला चार पैसे जास्त द्या.

शेवटी प्रत्येक फ्लॅटच्या टोकाला प्रकाश मोजणारा पॉवर मीटर लावून रीडिंग घ्यायचं आणि ती यादी लेखी मागायची. घरातल्या उपकरणाला साधारण उणे २७ डीबीएमपर्यंतचा सिग्नल वाचता येतो (उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण). उणे वीसच्या आसपास असेल तर निश्चिंत राहावं, उणे २६ असेल तर पुन्हा जोड बघायला लावावेत. १:३२ चा स्प्लिटर एकटाच सुमारे १७ डीबी खातो, म्हणून बाकीच्या जोडांत उधळपट्टी परवडत नाही. फायबर घेताना जी-६५७-ए२ प्रकारची मागा. ती साडेसात मिलिमीटर त्रिज्येपर्यंत वळवली तरी चालते, जुन्या प्रकाराला तीस मिलिमीटर लागत. घरात कोपऱ्या-कोपऱ्यातून वायर नेताना हा फरक फार मोठा ठरतो. डक्टमधल्या केबलचं आवरण कमी धूर करणारं हवं, आणि जमिनीखालून जाणारी केबल चिलखती घ्या, पार्किंगमधल्या उंदरांना साधी केबल पुरत नाही.

खर्चाचा आकडा तुमच्या इमारतीवर ठरेल, पण हिशेबाची रीत अशी. समजा सगळं मिळून दर फ्लॅट ६,००० रुपये आला. २४० फ्लॅटचे १४,४०,०००. इमारतीतली वायर तयार मिळते आणि दोनशे ग्राहक एकदम समोर येतात म्हणून कंपनीने घरटी महिन्याला १५० रुपये कमी घेतले, तर वर्षाला ३,६०,००० वाचतात. चार वर्षांत पैसे वसूल. काचेचं आयुष्य वीस वर्षांच्या वर धरतात. यंत्रं बदलत जातात, धागा तोच राहतो. दीडशेऐवजी पन्नासच रुपये सुटले तर मात्र बारा वर्षं लागतील, आणि तेव्हा हे काम निव्वळ बचतीसाठी करण्यात अर्थ नाही. म्हणून आधी कंपन्यांशी बोलणी, मग ठराव. या कामासाठी सिंकिंग फंडाला हात लावू नका. तो इमारतीच्या मोठ्या कामासाठी असतो. वेगळी वर्गणी ठरावाने घ्यावी.

अडचणी आहेत, त्या लपवत नाही. मोठ्या कंपन्या बहुधा दुसऱ्याच्या फायबरवर यायला नाखूश असतात. ‘आमची वायर, आमचं साहित्य’ हा त्यांचा हट्ट. स्थानिक परवानाधारक मात्र तयार होतात, कारण इमारतीत वायर ओढण्याचा खर्च वाचणं त्यांच्यासाठी मोठी गोष्ट आहे. निदान दोन परवानाधारक लेखी होकार देत असतील तरच पुढे जा. आणि दिवा लावायचं काम, म्हणजे सिग्नल टाकणारं यंत्र, केवायसी, बिल, नोंदी, हे सगळं परवानाधारकाचंच राहू द्या. फायबर भाड्याने देऊन उत्पन्न कमवायचा मोह टाळा. परवानाधारकांना डार्क फायबर (सिग्नल न टाकलेला नुसता धागा) भाड्याने देणं हा नोंदणीकृत पायाभूत सुविधा कंपन्यांचा उद्योग आहे. करारावर सही करण्याआधी दूरसंचार कायदा जाणणाऱ्या वकिलाला तो दाखवा, पाच-दहा हजार वाचवू नका.

करारात एका गोष्टीवर तडजोड नको: कुठल्याही कंपनीला ‘फक्त आम्हीच’ असा हक्क द्यायचा नाही. बिल्डर-कंपनी साटंलोटं ही पुण्यातल्या नव्या प्रकल्पांत नेहमीची तक्रार आहे, आणि इमारतींत असा एकाधिकार असू नये अशी शिफारस दूरसंचार नियामक ट्रायने २०१७ सालीच केली आहे. फायबर सोसायटीची झाली म्हणून आपणच नवा बिल्डर व्हायचं नाही. ज्याला मोठ्या कंपनीचंच कनेक्शन हवं त्याला ते घेऊ द्यावं.

दुसरीकडे लोकांनी काय केलं

स्पेनमधल्या कॅटलोनियात २००४ साली खेड्यातल्या लोकांनी गुईफी हे जाळं सुरू केलं. कंपन्या तिथे ब्रॉडबँड आणत नव्हत्या. घराघरांच्या छपरांवर वायफायचे अँटेना लावून सुरुवात झाली, पुढे फायबर आली, आणि जोडलेल्या ठिकाणांची संख्या तीस हजारांवर गेली. त्यांचा नियम बघण्यासारखा आहे. जाळं सगळ्यांच्या सामाईक मालकीचं. त्यावर धंदा करायला कुणालाही मोकळीक, मात्र जो जास्त वापरेल त्याने देखभालीत जास्त वाटा उचलायचा. स्टॉकहोम महापालिकेने १९९४ मध्ये स्टोकॅब ही कंपनी काढून शहरभर फायबर टाकली, पण स्वतः इंटरनेट विकलं नाही. धागा भाड्याने दिला, विकणारे एकमेकांशी स्पर्धा करत राहिले. मी वर सांगितलेला पर्याय म्हणजे हीच मांडणी एका कंपाउंडापुरती, भाड्याचा भाग सोडून.

इंग्लंडच्या लँकेशायरमधली बी-फोर-आर-एन ही २०११ ची संस्था मला जवळची वाटते, कारण ती आपल्या सहकाराला जवळची आहे. शेतकऱ्यांनी शेतातून फायबर नेऊ दिली, स्वतः चर खणले, कामाचा मोबदला शेअरच्या रूपात घेतला, आणि महिना तीस पौंडांत एक जीबीपीएस घरी आणलं. ज्या हडपसरच्या शेतकरी कुटुंबांनी जमिनी एकत्र करून मगरपट्टा सिटी उभी केली त्या भागात ही गोष्ट कोणाला अशक्य वाटू नये.

पण अपयशही बघा. अमेरिकेत युटा राज्यातल्या प्रोव्हो शहराने सुमारे चार कोटी डॉलरचं कर्ज काढून नेटवर्क बांधलं, ते चालवता आलं नाही, आणि २०१३ मध्ये गुगलला एका डॉलरला देऊन टाकावं लागलं. कर्ज नागरिक फेडत राहिले. त्याच देशात चॅटनूगा शहराच्या सार्वजनिक वीज कंपनीने २०१० मध्ये शहरभर एक जीबीपीएस दिलं आणि ते यशस्वी झालं. तिथे फायबर विजेच्या जाळ्यासाठीही वापरात होती, खांब स्वतःचे होते, बिलं पाठवायची आणि दुरुस्तीला धावायची यंत्रणा आधीपासून होती.

आपल्याकडचा धडा आणखी जवळचा आहे. श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था चार दशकं गावांना वीज पुरवत होती. वीज घाऊक विकत घ्यायची आणि सभासदांना वाटायची. वसुली आणि गळती सांभाळता आली नाही, थकबाकीचा डोंगर झाला आणि २०११ मध्ये काम महावितरणकडे गेलं. घाऊक घेऊन किरकोळ वाटणाऱ्या सहकारी संस्थेत कोणी पैसे थकवले तर त्याची जोडणी तोडायला आपलेच लोक कचरतात, आणि सगळ्यात अवघड काम तेच असतं. सोसायटीत डिफॉल्टरच्या दारात जाताना काय होतं ते प्रत्येक सेक्रेटरीला माहीत आहे. वाटपाचं आणि वसुलीचं काम परवानाधारकाकडे ठेवा, या माझ्या सांगण्यामागे हेही एक मोठं कारण आहे.

वायरशिवाय

जिओने एअरफायबर, म्हणजे टॉवरवरून वायरशिवाय घरी येणारं इंटरनेट, १९ सप्टेंबर २०२३ ला सुरू केलं तेव्हा पहिल्या आठ शहरांत पुणे होतं. भाड्याने राहणाऱ्याला, वर्षभरात घर बदलणाऱ्याला हे सोयीचं. पण टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटली जाते, आणि एका इमारतीत पन्नास जणांनी ते घेतलं की संध्याकाळी फरक जाणवतो. फायबरला हा पर्याय म्हणून मी धरत नाही, बॅकअप म्हणून धरतो.

पुण्याबाहेर मुळशी, वेल्हे, पानशेतच्या बाजूला जिथे कंपनी येतच नाही तिथे मात्र रेडिओची गोष्ट वेगळी आहे. २०१८ मध्ये रेडिओलहरींच्या ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातले ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त झाले. समोरासमोर दिसणाऱ्या दोन डोंगरमाथ्यांवर डिश लावून कित्येक किलोमीटर जोडता येतात. हिमाचलातल्या धर्मशाळा गावाजवळ एअरजल्दी या संस्थेने हेच करून डोंगरातली गावं जोडली. आणि डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत चहाची टपरी, किराणा दुकान किंवा ग्रामपंचायतीला परवाना किंवा नोंदणी शुल्काशिवाय वायफाय पुरवता येतं, वापरणाऱ्यांना परवानगी देण्याची आणि हिशेबाची बाजू वरची ॲग्रिगेटर (अशी अनेक ठिकाणं एकत्र सांभाळणारी) संस्था पाहते. या दुकानदारांना कंपन्यांनी महागडी लीज्ड लाइन घ्यायला लावू नये म्हणून ट्रायने जून २०२५ मध्ये नियम केला, की २०० एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती फायबर प्लॅनचा दर त्यांना दुपटीहून जास्त लावता येणार नाही. सोसायटीतही क्लब हाउस, सुरक्षारक्षकांची केबिन, घरकामाला येणाऱ्या मावश्या बसतात ती जागा, इथे वाणीचा हॉटस्पॉट जरूर लावावा. त्यांच्या मोबाइलचा डेटा महिनाअखेरीला संपलेला असतो.

मग कोणी काय करावं

सदाशिव पेठेतली किंवा कोथरूडमधली सोळा-वीस फ्लॅटची जुनी इमारत असेल, तर खोली, रॅक, यूपीएस हा पसारा नकोच. डक्ट साफ करून घ्या, मेलेल्या वायरी काढायला लावा, प्रत्येक वायरीला लेबल लावा, आणि नवी कंपनी आली की तिच्याशी सोसायटीचा एक पानी करार करा: वायर कुठून जाणार, कनेक्शन बंद झाल्यावर ती कोण काढणार, तक्रारीसाठी कोणाचा फोन. पुनर्विकासाची बोलणी चालू असतील तर बिल्डरच्या करारातच दर फ्लॅट दोन फायबर आणि तळमजल्यावर खोली हे कलम घाला. तेव्हा ते जवळजवळ फुकटात होतं.

सव्वाशे-दीडशे फ्लॅटच्या वर असाल, डक्ट रुंद असेल, इमारत अजून दहा-पंधरा वर्षं उभी राहणार असेल आणि कमिटीत किंवा सभासदांत नेटवर्क समजणारे दोन माणसं असतील, तर फायबर सोसायटीची करा. दोन म्हणतो, कारण एकच असेल तर त्याची बेंगळुरूला बदली झाली की सगळं अनाथ होतं. जाळ्याचा नकाशा, लेबलांची यादी, रीडिंगचा तक्ता हे कमिटीच्या दप्तरात हवं, कुणाच्या लॅपटॉपमध्ये नको. स्प्लायसिंग करणाऱ्याशी वार्षिक करार करा, लिफ्टचा करतो तसाच.

शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांनी मिळून करायचं मनात असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. कंपाउंडाच्या आत आपण मालक आहोत, पण मधला रस्ता महापालिकेचा आहे. तो ओलांडून केबल नेण्याचा हक्क सोसायटीला नाही. खोदाईची परवानगी परवानाधारकाच्या नावाने काढावी लागते, आणि विजेच्या खांबावरून, झाडावरून लटकवलेली केबल महापालिका कधीही कापते. सोसायट्यांनी एकत्र येऊन बोलणी करावीत, रस्त्यातली केबल परवानाधारकाला टाकू द्यावी.

वेळेचंही गणित आहे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते, ठराव तिथे मंजूर करून घ्या. कोटेशनं दिवाळीच्या सुमारास येतील. काम डिसेंबर-जानेवारीत करा, पाऊस नसतो आणि चेंबर कोरडे असतात. सगळ्या विंग एकदम काढू नका, एक विंग पूर्ण करून तिथल्या लोकांना दोन महिने वापरू द्या. आणि दहावी-बारावीच्या परीक्षा सुरू व्हायच्या आत डक्टची दारं बंद झालेली असू द्या, कारण त्या दिवसांत कुणाची जुनी वायर चुकून तुटली तर पुढच्या विंगांची परवानगी सभासद देणार नाहीत.